घरगुती पॉवर ॲम्प्लिफायर (हौशी रेडिओ)

हौशी रेडिओचालक, म्हणजेच हॅम, आपल्या छोट्या प्रक्षेपकातून निघणारा संदेश अँटेनाकडे सोडण्याआधी ज्या मंडलातून वाढवून घेतो, ते पॉवर ॲम्प्लिफायर. पूर्वी त्यासाठी ८०७ सारखे व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) वापरत. त्यांच्या प्लेटवरचे शेकडो व्होल्ट जिवावर बेतू शकत. आता १२ ते २४ व्होल्टवर चालणारे मॉस्फेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) पुरतात.

इंदूरला हा विषय परका नाही. इथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ या सिंक्रोट्रॉनसाठी (कणांना वेग देणाऱ्या वर्तुळाकार यंत्रासाठी) ५०५.८ मेगाहर्ट्झवर चालणारे घन-अवस्था, म्हणजे व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरचे, ॲम्प्लिफायर तयार झाले आहेत आणि शेजारच्या महूत लष्कराचे दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. घरच्या टेबलावरचे काम अर्थातच कितीतरी साधे. सुटे भाग महाराणी रोडवर शोधावेत, एनॅमलची तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते.

सर्वांत रुळलेला मॉस्फेट आयआरएफ ५१०. तो मुळात स्विचिंगसाठी बनवलेला, पण स्वस्त आणि १०० व्होल्ट सोसणारा. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या बिटेक्स या घरी बांधायच्या ट्रान्सीव्हरमध्येही (प्रक्षेपक आणि ग्राहक एकत्र असलेल्या संचात) तोच आहे. १२ व्होल्टवर ५ वॉट हवे असतील तर मॉस्फेटला सुमारे १४ ओहमचा भार दिसायला हवा. अँटेना मात्र ५० ओहमची. म्हणून मध्ये फेराइटवर गुंडाळलेला १:४ ट्रान्सफॉर्मर येतो.

खरी कसोटी बायसची, म्हणजे मॉस्फेटच्या गेट या नियंत्रक टोकाला दिलेल्या स्थिर व्होल्टची. गेटला किती व्होल्ट दिल्यावर प्रवाह सुरू होईल हे नगागणिक बदलते, २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान कुठेही. हे व्होल्ट ठरवणारा प्रीसेट (पेचाने फिरवायचा बदलता रोधक) अगदी खाली ठेवून, संदेश न देता, मीटरकडे बघत हळूहळू वाढवावा. पुश-पुल जोडीत, म्हणजे दोन मॉस्फेट आळीपाळीने काम करतात तिथे, प्रत्येकाला वेगळा प्रीसेट द्यावा. भाग तापला की तोच बायस जास्त प्रवाह ओढू लागतो, म्हणून हीटसिंक मोठा घ्यावा. मॉस्फेटची धातूची पाठ ड्रेनला, म्हणजे पुरवठा येतो त्या टोकाला, जोडलेली असते. मायकाची चकती आणि स्क्रूसाठी प्लॅस्टिकचा बुश विसरल्यास, हीटसिंक जमिनीला जोडलेला असेल तर पुरवठा थेट शॉर्ट होतो.

यानंतर लो-पास फिल्टर, म्हणजे हव्या वारंवारतेच्या वरचे सारे अडवणारी गाळणी. हा टाळणारे बरेच असतात, आणि इंदूरच्या रामबागेसारख्या दाट वस्तीत त्याचा त्रास शेजाऱ्यांना होतो. ७ मेगाहर्ट्झचे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले नको असलेले संदेश) १४ आणि २१ वर पडतात. पुश-पुलमुळे सम हार्मोनिक दबतात, तिसरा उरतोच. फिल्टरची कॉइल गुंडाळायला जुन्या संगणकाच्या एसएमपीएसमधले (वीजपुरवठ्याच्या डब्यातले) पिवळे-पांढरे टोरॉइड, म्हणजे कडीसारखे चुंबकीय गाभे, कामाचे नाहीत, या वारंवारतेला ते शक्ती खातात आणि तापतात. लाल रंगाचे, २ क्रमांकाच्या मिश्रणाचे घ्यावेत: अर्धा इंच व्यासाच्या टोरॉइडवर १६ फेऱ्यांत साधारण सव्वा मायक्रोहेन्री मिळतात.

चाचणी अँटेनावर नव्हे, डमी लोडवर, म्हणजे अँटेनाच्या जागी जोडायच्या रोधकावर करावी. १ किलोओहमचे, २ वॉटचे २० कार्बन रोधक समांतर जोडले की ५० ओहम होतात. १० वॉटला त्यावर सुमारे ३२ व्होल्टचे शिखर दिसते. पाच वॉटचे वीस केले तरी पलीकडे ऐकणाऱ्याच्या मीटरवर सिग्नल जेमतेम एक एस-अंक (सिग्नलची ताकद मोजायची एक पायरी) चढतो, तेव्हा गच्चीवर वीस मीटर लांबीचा डायपोल (मधोमध जोडलेली तारेची अँटेना) नीट उंच ताणणे बहुधा अधिक फायद्याचे. हवेत शक्ती सोडायला हौशी रेडिओचा परवाना लागतो, आणि वॉटची मर्यादा परवान्याच्या श्रेणीनुसार ठरते.