गाणे सिव्हिल लाइन्समध्ये, बाजार रुळांपलीकडे

जुलैच्या अखेरीस डॉ. वसंतराव देशपांडे स्मृती संगीत समारोहासाठी बाहेरगावाहून नागपुरात आलेल्या रसिकाची पहिल्याच रात्री थोडी पंचाईत होते. मैफल संपवून तो सभागृहाबाहेर येतो, तेव्हा समोर रुंद, झाडांनी झाकलेले, शांत रस्ते असतात; सरकारी कचेऱ्या आणि बंगल्यांची कुंपणे असतात; पण चार लोक उभ्याने खात आहेत, एखादे दुकान अजून उघडे आहे, असे दृश्य जवळपास दिसत नाही. ज्या नागपूरच्या तिखट जेवणाबद्दल त्याने इतके ऐकलेले असते, ते तिथून दोन-तीन किलोमीटर पूर्वेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे आहे. गाणे एकीकडे आणि जेवण-बाजार दुसरीकडे, ही विभागणी शहराच्या इतिहासातून आलेली आहे आणि ती समजून घेतली, तर समारोहाचे दिवस कसे आखायचे हेही समजते.

गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ साली राजापूर बारसा या बारा वस्त्या एकत्र करून नागपूर वसवले. पुढे भोसल्यांच्या राजवटीत महालाभोवती वस्ती दाटत गेली आणि वारांच्या बाजारांनी मोहल्ल्यांना नावे दिली. इतवारी, बुधवारी, शनिवारी, मंगळवारी ही नावे आजही पत्त्यांत लिहिली जातात, आणि जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलाव म्हणजे आजचा गांधीसागर. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी बनले. इंग्रज अधिकाऱ्यांनी आपली वसाहत टेकडीच्या पश्चिमेला, जुन्या गावापासून अंतर राखून, मोकळ्या जागेत उभारली. हीच सिव्हिल लाइन्स. ती साहेबाच्या बंगल्यांसाठी होती, त्यामुळे बाजारपेठेला तिथे जागा नव्हती. १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे आली आणि तिचे रूळ नेमके या दोन नागपुरांच्या मधून गेले.

स्वातंत्र्यानंतर सांस्कृतिक संस्थांना जागा मिळाल्या त्या साहजिकच सरकारी जमिनीवर, म्हणजे पश्चिमेकडे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ साली सिव्हिल लाइन्समध्ये आले. वसंतरावांच्या नावाचे सभागृहही त्याच भागात आहे. १९२० साली मूर्तिजापूरला जन्मलेले गायक वसंतराव नागपुरात वाढले आणि शंकरराव सप्रे यांच्याकडे इथेच गाणे शिकले. ३० जुलै हा त्यांचा स्मृतिदिन असल्यामुळे समारोह ऐन पावसाळ्यात येतो, आणि खाणे-खरेदीचे बेत ठरवताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

पूर्वेकडच्या जेवणाची कथा विणकरांपासून सुरू होते. गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली या भागांत कोष्टी समाजाचे माग होते. १८७७ च्या पहिल्या जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढच्या काळात मागावर बसणारी कितीतरी कुटुंबे मिलच्या पाळ्यांत कामाला जाऊ लागली. पुढे हातमागाचा धंदा मोडत गेला, मिलही बंद पडली, आणि त्या घरांपैकी अनेकांनी स्वतःच्या स्वयंपाकघरावर पोट भरायचे ठरवले. सावजी भोजनालय म्हणून आज जे प्रसिद्ध आहे, ते मुळात या विणकरांच्या घरचे जेवण आहे. धने, मिरी, लवंग, खसखस आणि दगडफूल भाजून वाटलेला काळसर मसाला, जुन्या पद्धतीत जवसाचे तेल, आणि वर बोटभर तवंग आलेला रस्सा. नवख्या माणसाला पहिल्या घासाला फक्त तिखट कळते. दगडफुलाचा धुरकट वास आणि खसखशीचा दाटपणा तिसऱ्या-चौथ्या घासाला उमगतो, म्हणून घाईने खाऊ नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. मटणाबरोबर खूर आणि सुंदरी, म्हणजे बोकडाची आतडी, हेही मिळते. शाकाहारी माणसाने डाळकांदा किंवा पाटवडी-रस्सा मागावा. तोही तितकाच अस्सल असतो. २०१७ मध्ये हिवाळ्यातला खासदार सांस्कृतिक महोत्सव ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर भरू लागल्यापासून गाणे या बाजूला आले आहे, आणि तिथून सक्करदऱ्याची सावजी भोजनालये हाकेच्या अंतरावर आहेत.

सकाळ मात्र सगळ्या शहराची सारखीच असते. ठेल्यावर पोह्यांची प्लेट पुढे येते, तिच्यावर पातेल्यातली हरभऱ्याची लाल तर्री पडते, वर कच्चा कांदा आणि सांबार. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे पाहुण्याला ठाऊक नसेल, तर सांबारवडी मागवताना त्याचा गोंधळ उडतो.

खरेदीसाठी बहुतेक पाहुणे सीताबर्डीला, म्हणजे नागपूरकरांच्या बर्डीला जातात. ती सोयीची आहे, पण कापडासाठी इतवारी-गांधीबाग गाठणेच योग्य, कारण कापडाच्या पेढ्या विणकरांच्या मोहल्ल्यांलगत वाढल्या आणि कापड पारखणारी जुनी नजर अजून तिथेच आहे. रेशीमकाठी नऊवारी नागपुरी लुगडे आता शोधावे लागते. भंडारा भागातल्या टसरची करवतकाठी साडी मिळाली, तर तिचा काठ बोटांखाली धरून पाहावा: करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, आणि काठ व अंग वेगळ्या रंगांत राखण्यासाठी विणकर तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणारी साधने, चालवतो. डिसेंबर २०२२ मध्ये मेट्रोची सीताबर्डी ते प्रजापतीनगर ही मार्गिका सुरू झाली आणि रूळ ओलांडून जुन्या शहरात जाणे सोपे झाले. या मार्गावर चितार ओळ नावाचे स्थानक आहे. समारोहाच्या दिवसांत तिथे अवश्य उतरावे. चिताऱ्यांच्या त्या गल्लीत तेव्हा गणपतीच्या मूर्तींचे काम चाललेले असते. ओल्या मातीचा वास, रांगेत उभे अजून डोळे न उघडलेले गणपती, आणि पावसाची सर आली की मूर्तींवर प्लास्टिक ओढण्याची धावपळ. विकत घेण्यासारखे तिथे त्या वेळी फारसे काही नसते, तरी त्या सकाळीसाठी मी बाजारातला एक तास सोडून देईन.

राहिला संत्र्याचा प्रश्न. हे झाड भोसल्यांनी औरंगाबादकडून आणवले असे इथे परंपरेने सांगतात, आणि २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतात आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून. त्यामुळे जुलैत आलेल्या पाहुण्याला ताजे नागपुरी संत्रे मिळत नाही. त्याने खव्याची संत्रा बर्फी घ्यावी, ती बारमाही असते. हिवाळ्यातल्या महोत्सवाला येणाऱ्याने मात्र परतीच्या गाडीआधी अर्धा तास हाताशी ठेवून स्टेशनाच्या पूर्वेकडच्या दाराने संत्रा मार्केटमध्ये उतरावे, आणि सालीला किंचित हिरवी झाक असलेले फळ बाजूला न सारता आधी एक सोलून चाखावे.