बीटा आणि आरसी: दोन्ही कच्च्या, पण सारख्या नव्हेत

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्ती यायची असली की काही महिने आधीपासून दोन नावं कानावर पडू लागतात, बीटा आणि रिलीज कँडिडेट. दुसरीला सगळे आरसीच म्हणतात. पायथनची पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, बसवणाऱ्या पिप या साधनाच्या लेखी दोन्ही सारख्याच: पॅकेजची बीटा असो वा आरसी, मुद्दाम मागितल्याशिवाय तो सहसा ती उचलत नाही. आपणही तसंच करतो, दोन्हींवर ‘अजून पक्कं नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो. मग होतं असं, की बीटात करायच्या तक्रारी लोक आरसीत घेऊन येतात आणि आरसी आल्यावर उरकायचं काम ‘फायनल येऊ दे, मग बघू’ म्हणून पडून राहतं.

पायथन ३.१३चंच उदाहरण घेऊ. ८ मे २०२४ला पहिली बीटा आली आणि त्या दिवसापासून फीचर फ्रीझ लागू झाला, म्हणजे नवीन काही आत घेणं बंद. मात्र जे आत आलेलं असतं त्याला अजून हात लावता येतो. एखाद्या नव्या फंक्शनचं नाव बदलता येतं, वागणूक सुधारता येते, अगदीच जमत नसेल तर ते काढूनही टाकता येतं. ३.१३मध्ये सीजीआय, टेलनेटलिब यांच्यासारखी १९ जुनी मॉड्यूल्स (कोडचे तयार भाग) पायथनबरोबरच येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीतून गेली. तुमच्या कोडच्या कुठल्या कोपऱ्यात त्यांतलं एखादं लपलेलं असेल, तर टेस्ट फुटून ते कळायची वेळ बीटाची. १८ जुलैपर्यंत चार बीटा आल्या. या काळात मेंटेनर, म्हणजे पायथन सांभाळणारे लोक, खरोखर विचारत असतात, ‘हे तुम्हाला चालतंय का?’ तेव्हा गप्प बसायचं आणि ऑक्टोबरमध्ये फायनल आल्यावर ओरडायचं, याला माझ्या मते काही अर्थ नाही.

१ ऑगस्टला आरसी१ आली. आता प्रश्न विचारून झाले. मोठं काही निघालं नाही तर जवळजवळ हेच फायनल म्हणून बाहेर पडणार, असं आरसी सांगते. इथून पुढे फक्त स्पष्ट बगच दुरुस्त होतात, तेही दुसऱ्या कुणी तपासल्यावर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एबीआय, म्हणजे कंपाइल केलेला कोड पायथनशी ज्या पद्धतीने जोडला जातो ती, गोठतो. सी भाषेत लिहिलेला भाग ज्या पॅकेजमध्ये आहे, त्याचं कंपाइल केलेलं व्हील (थेट बसवता येणारी तयार फाइल) आरसी१वर बांधलं तर ते पुढच्या सगळ्या ३.१३.x आवृत्त्यांवर चालेल, ही हमी इथे मिळते. बीटात ती नसते. म्हणून बीटात टेस्ट चालवायच्या, आरसीत व्हील अपलोड करायची. हे दुसरं काम राहिलं की फायनलच्या दिवशी कुणीतरी उत्साहाने नवं पायथन टाकतो, पिपला व्हील सापडत नाही, तो सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधायला बसतो, विंडोजवर त्यासाठी लागणारा कंपाइलर नसतो आणि स्क्रीन लाल अक्षरांनी भरून जाते. शिव्या मात्र पायथनला पडतात.

आरसीच्या सांगण्यात एक ‘जर’ असतो, आणि ३.१३ला तो आडवा आला. वापरून झालेली मेमरी मोकळी करणारा नवा, टप्प्याटप्प्याने चालणारा गार्बेज कलेक्टर अल्फाच्या, म्हणजे बीटाच्याही आधीच्या, काळातच आत आला होता. चार बीटा आणि दोन आरसी त्याच्यासकट गेल्या. शेवटी शेवटी लक्षात आलं, की काही खऱ्या कामांमध्ये त्याच्यामुळे वेग चांगलाच घसरतोय. फायनल १ ऑक्टोबरला ठरली होती. त्या दिवशी फायनलऐवजी आरसी३ आली, कलेक्टर जुना परत बसवून. फायनल ७ ऑक्टोबरला निघाली. वेळापत्रक मोडलं म्हणून काहींनी नाकं मुरडली. मला उलट वाटतं, आरसीचं काम नेमकं हेच होतं आणि ते तिने केलं. हळहळ एवढीच, की बीटात कुणी आपला रोजचा, अवजड कोड त्यावर चालवून बघितला असता तर हे जुलैतच मिटलं असतं. छोट्या टेस्टमध्ये वेगाची घसरण सहसा दिसत नाही.

आता खरा घोळ. हीच नावं दुसऱ्या प्रकल्पात गेली की अर्थ बदलतात. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, बीटा नावाचा टप्पाच नाही. दोन आठवडे नवा कोड आत घेतात आणि ती खिडकी बंद झाली की कर्नलचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स थेट आरसी१ काढतात. मग साधारण दर आठवड्याला एक, अशा सात-आठ आरसी होतात. म्हणजे कर्नलची आरसी१ ही स्वभावाने बीटाच. पायथनच्या अनुभवावरून ती ऑफिसच्या सर्व्हरवर टाकायला कुणी जाऊ नये.

जँगो या पायथनमधल्या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये फीचर फ्रीझ पायथनहूनही आधी, अल्फालाच होतो. तिथल्या आरसीला आणखी एक काम असतं: स्ट्रिंग फ्रीझ. स्क्रीनवर दिसणारी वाक्यं इथून बदलत नाहीत आणि फायनलला किमान दोन आठवडे उरलेले असतात. जँगोच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. तिचा अनुवाद करायला बसणाऱ्याने बीटात घाई केली तर वाक्य बदलल्यावर तेच काम पुन्हा करावं लागतं. त्याने आरसीपर्यंत थांबावं, मात्र त्यानंतर फार रेंगाळू नये.