मशेरी आणि कोकणातील स्त्रियांचे दीर्घकालीन आजार

मशेरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. दात घासण्याच्या निमित्ताने ती हिरड्यांना लावतात. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत आणि तिथून मुंबईत आलेल्या कुटुंबांत ती प्रामुख्याने बायकांची सवय आहे. स्त्रियांच्या रक्तदाबाची, मधुमेहाची चर्चा सहसा वजन आणि गोडधोडापासून सुरू होते. कोकणात ती मशेरीपासून सुरू व्हायला हवी, कारण ही सवय घरातलीच असल्याने व्यसन म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाही.

तंबाखूची पाने येतात घाटावरून. ती तव्यावर किंवा खापरावर काळी होईपर्यंत भाजतात. त्या वेळी घरभर असा ठसका उठतो की लहान मुलांना बाहेर पाठवावे लागते. मग पाने चुरून, चाळून पूड डबीत भरतात. सकाळी मागीलदारी बसून चिमूटभर पूड डाव्या तळव्यावर घ्यायची आणि बोटाने हिरड्यांवरून फिरवत राहायची. दात केव्हाच घासून झालेले असतात, बोट मात्र थांबत नाही. पुढे जेवणानंतर, रात्री निजण्यापूर्वी अशा खेपा वाढत जातात. ‘लावली नाही तर डोकं धरतं, पोट साफ होत नाही’ असे बायका सांगतात. हे खरेच असते, कारण निकोटीनची सवय लागलेले शरीर ते न मिळाल्यास असेच वागते.

हिरड्यांच्या नाजूक त्वचेतून निकोटीन थेट रक्तात उतरते. नाडी आणि रक्तदाब वाढतो. भाजल्याने तंबाखू ‘मारली’ जाते हा समज चुकीचा आहे. तिच्यातली कर्करोगकारक नायट्रोसअमाइन द्रव्ये उरतातच, शिवाय जळण्यातून नवी घातक द्रव्ये तयार होतात. धूरविरहित तंबाखूमुळे तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. गरोदरपणात तिचे परिणाम बाळापर्यंत पोहोचतात. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले.

दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्यावरच्या मशेरीला ती लागू होणार कशी? तपासणीतही ती निसटते. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारल्यावर बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. ती खात नसते, लावत असते. म्हणून आशाताईंनी आणि डॉक्टरांनी ‘मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?’ असेच विचारायला हवे.

मशेरीच्या जोडीला मीठ येते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा, पेजेबरोबर लोणचे यांवर जेवण निभावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. खारवलेल्या माशाचा एक तुकडाही त्यातला मोठा वाटा घेऊन टाकतो. भिजवून दोन पाण्यांतून धुतल्यास खारटपणा बराच उतरतो. तिसरी जोड चुलीच्या धुराची. त्याने फुप्फुसांचा जुनाट विकार जडू शकतो, मग रांधणाऱ्या बाईने आयुष्यात विडी ओढलेली नसली तरी.

वजनाचा प्रश्न अलीकडचा. शेते पडीक राहू लागली, लावणी-कापणीची कष्टाची कामे घटली, ताटातला भात मात्र तेवढाच राहिला आणि नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी मागे पडली. भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला समजतात. हातपाय काटकुळे असलेल्या बाईलाही हे लागू आहे.

तिशीनंतर रक्तदाब, साखर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत केली जाते. तोंडात न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसल्यास थांबू नये. मशेरी सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी आणि बद्धकोष्ठ होते. भरपूर पाणी आणि पालेभाजी-फळांनी पोटाची तक्रार आटोक्यात येते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. घरातल्या सासू-सुनांनी एकदमच सोडली तर ते सोपे जाते, कारण मग तवाच चढत नाही.