शेंगदाणा-चॉकलेट मिठाई

भाजलेल्या शेंगदाण्याचा लगदा, कूट किंवा अख्खे दाणे यांना चॉकलेटची जोड देऊन केलेल्या मिठाईचा वर्ग. ‘पीनट बटर’साठी ‘शेंगदाणा लोणी’ हा प्रतिशब्द सुचवला जातो, पण तो बोलण्यात रुळलेला नाही. म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे. ‘चॉकलेट’ या शब्दाबाबतही खुलासा हवा. मराठवाड्यात कागदात गुंडाळलेली कोणतीही गोळी, अगदी संत्र्याच्या चवीचीसुद्धा, चॉकलेटच असते आणि शाळेत वाढदिवसाला वाटतात ते बहुधा हेच. या नोंदीत कोको असलेला पदार्थ अभिप्रेत आहे.

भुईमूग आणि कोको ही दोन्ही झाडे मूळची अमेरिका खंडातील. भुईमुगाचे मूळस्थान दक्षिण बोलिव्हिया व वायव्य अर्जेंटिना या पट्ट्यात असावे, हे मत आता बहुतेकांना मान्य आहे. तो भारतात कोणत्या वाटेने आला याविषयी मात्र एकमत नाही. पोर्तुगीजांनी आफ्रिकेमार्गे तो पश्चिम किनाऱ्यावर आणला असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार तो फिलिपाइन्स व चीनकडून आला. तमिळमधील ‘मणिलाकोट्टै’ आणि बंगालीतील ‘चिनेबादाम’ ही नावे या दुसऱ्या मताला पुष्टी देतात. दोन्ही वाटांनी निरनिराळ्या काळी बियाणे आले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मराठी ‘भुईमूग’ हे नाव केवळ वर्णनपर असल्याने या वादात त्याचा उपयोग होत नाही.

पीनट बटरचे जनकत्वही असेच वादग्रस्त आहे. लोकप्रिय लेखनात ते अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना दिले जाते. परंतु भुईमुगाच्या उपयोगांवरील त्यांची प्रसिद्ध पत्रिका १९१६ ची असून तोवर हा पदार्थ बाजारात होता. अमेरिकी डॉक्टर जॉन हार्वे केलॉग यांनी १८९५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता, पण त्यांचा भर शिजवलेल्या दाण्यांवर होता. मॉन्ट्रियलच्या मार्सेलस गिल्मोर एडसन यांचे १८८४ चे अमेरिकी पेटंट याहून जुने आहे. भाजलेले दाणे तापवलेल्या पृष्ठभागांमध्ये दळून निघालेल्या लगद्यात साखर मिसळावी, असे त्यात सांगितले असून त्याचा विषयच शेंगदाण्याची मिठाई हा होता. प्रस्तुत वर्गापुरता तरी अग्रमान एडसन यांना देणे योग्य ठरेल. लातूर-धाराशिवकडे शेंगदाण्याची चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटतात. तिखट-मीठ-लसूण वगळले, तर ती क्रिया याहून फारशी वेगळी नाही. तिच्यासाठी पेटंट घेण्याचे कोणाला सुचले नाही इतकेच.

कारखानी प्रकारांत अमेरिकेतील रीसेस कप (१९२८) सर्वांत प्रसिद्ध आहे. एच. बी. रीस यांच्या या व्यवसायाचे १९६३ मध्ये हर्शी कंपनीत विलीनीकरण झाले. चॉकलेटच्या वाटीतील त्याचे सारण पावाला लावायच्या पीनट बटरसारखे ओघळत नाही. ते कोरडे, किंचित खारट आणि दाबल्यावर भुगा होणारे असते. मराठी वाचकाला त्याची कल्पना शेंगदाण्याच्या लाडवावरून चटकन येईल. फक्त गुळाच्या जागी साखर. बटरफिंगर (१९२३) कुरकुरीत व पापुद्र्यांचा असतो. स्निकर्समध्ये (१९३०) लगदा नसून अख्खे दाणे, नूगा (साखर व अंड्याचा पांढरा भाग फेटून केलेला मऊ थर) व कॅरमल असते. या वर्गात सर्रास गणल्या जाणाऱ्या रीसेस पीसेस (१९७८) या गोळ्यांत चॉकलेट नसतेच.

दोन घटकांचा मेळ दिसतो तितका सरळ नाही. दाण्यात सुमारे ४५ ते ५० टक्के तेल असते. मिक्सरमध्ये दाणे फिरवले की आधी कूट होते, मग ते भांड्याच्या कडेला चिकटून गोळा धरते आणि आणखी फिरवल्यास तेल सुटून पातळ होते. हेच तेल हळूहळू सारणातून चॉकलेटच्या थरात उतरते. कोको बटर सुमारे ३४° से. ला वितळते. त्यात शेंगदाणा तेल मिसळले की थर त्याहून कमी तापमानालाच मऊ पडतो आणि पुन्हा गोठताना त्यावर पांढुरकी छटा येते. ग्राहक तिला बुरशी समजतात. ती स्निग्धांशाची असते. खरी बुरशी दाण्यावर धरते व तीतून अफ्लाटॉक्सिन हे विष उद्भवू शकते, म्हणून सुरकुतलेले, काळवंडलेले दाणे भाजण्यापूर्वीच निवडून काढतात.

मराठवाड्यात उन्हाळी तापमान ४०° से. च्या वर जाते. त्यामुळे अस्सल चॉकलेटचा थर शीतकपाटाबाहेर टिकत नाही आणि घरगुती उत्पादक ‘कंपाउंड’च्या लाद्या वापरतात. यात कोको बटरऐवजी वनस्पती स्निग्धांश असतो. तो उन्हात थोडा अधिक टिकतो, पण जिभेवर मेणचट लागतो. लादी गरम पाण्यावरील भांड्यात वितळवून तीत लाडू बुडवतात किंवा भाजून सोललेले दाणे घालून साच्यात ओततात. लादीत पाण्याचा थेंब गेला तर ती दाणेदार होऊन फुकट जाते.

स्थानिक मिठाईत गुडदाणी अर्थात चिक्की आणि लाडू हेच प्रकार रुळलेले असून चॉकलेट लावलेली चिक्की अलीकडची आहे. उन्हाला न वितळणारा गूळ पावसाळ्यात मात्र हवेतील ओल ओढून चिवट होतो. चॉकलेटचा थर ही ओल काही काळ अडवतो. वडीच्या कापलेल्या कडांना तो पातळ बसतो. चिकटपणा येतो तो आधी तिथेच.