प्राथमिक शाळेतील विद्यार्थी-स्वास्थ्य

साधारणपणे सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना शाळेत सुरक्षित आणि निर्भय वाटावे, तिथे आपले कोणीतरी आहे असा भरवसा वाटावा, यासाठी शाळा जे जाणीवपूर्वक करते त्या सगळ्याचा समावेश ‘विद्यार्थी-स्वास्थ्य’ या संज्ञेत होतो. शरीराचे आरोग्य, भावना ओळखणे व आवरणे, सवंगड्यांशी नाते, शिकण्यातला आत्मविश्वास ही त्याची अंगे एकमेकांत गुंतलेली असतात. उपाशी किंवा अर्धवट झोपेत आलेल्या मुलाचे वर्गात लक्ष लागत नाही, लक्ष नाही म्हणून बोलणी बसतात आणि रोज बोलणी बसली की शाळाच नकोशी होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अमलात आलेल्या घटनेने आरोग्याची व्याख्या रोगाच्या अभावापुरती न ठेवता त्यात मानसिक व सामाजिक सुस्थितीही धरली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील तीन कलमे शाळेशी थेट निगडित आहेत : हिंसा आणि हेळसांडीपासून संरक्षण (कलम १९), मुलाच्या प्रतिष्ठेला धरूनच शिस्त (कलम २८), विश्रांती व खेळाचा हक्क (कलम ३१). तरीही अनेक शाळांत हा विषय आठवड्यातून एका तासिकेचा उपक्रम होऊन बसतो. भावना ओळखण्याचे, रागावर ताबा मिळवण्याचे पद्धतशीर धडे उपयोगी असतात. पण त्याच वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाला हसले जात असेल, तर त्या धड्यांतून फारसे काही हाती लागत नाही. स्वास्थ्य घडते ते हजेरी, मधली सुट्टी, वही तपासणे अशा रोजच्या व्यवहारात.

या वयात मन बोलते ते बहुधा शरीरातून. दर सोमवारी सकाळी पोटात दुखणारे मूल नाटक करत असते असे नाही. काळजीने खरेच पोट दुखते. डॉक्टरांकडून तपासणी झालीच पाहिजे, पण सोमवारी पहिली तासिका कोणती आणि शेजारी कोण बसते, हेही पाहावे लागते. अचानक बिघडलेले अक्षर, डबा न उघडणे, लहानसहान कारणावरून रडू फुटणे, खेळात मागे मागे राहणे या खुणांतला बदल महत्त्वाचा असतो. दंगा करणारे मूल नजरेत भरते. गुणी आणि गप्प मुलाकडे मात्र महिनोन्महिने कोणाचे लक्ष जात नाही. वाचनअक्षमता असलेल्या मुलावर आळशीपणाचा शिक्का बसतो आणि त्याची हुशारी वाचनाचा तास चुकवण्यात खर्ची पडते. अशा मुलाचे दृष्टी आणि श्रवण आधी तपासून घ्यावे.

शाळेत मुलांकडून मुलांच्या होणाऱ्या छळवणुकीचा पद्धतशीर अभ्यास मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी १९७० च्या दशकात स्कँडिनेव्हियात सुरू केला. मुद्दाम दिलेला त्रास, त्याची पुनरावृत्ती आणि दोघांच्या ताकदीतील तफावत ही त्यांनी सांगितलेली लक्षणे आजही वापरली जातात. ताकदीच्या या तफावतीमुळेच ‘दोघांनी हात मिळवा’ हा झटपट तोडगा इथे लागू पडत नाही. बघ्या मुलांनी साथ काढून घेतली की त्रास देणाऱ्याचा जोर ओसरतो, म्हणून काम साऱ्या वर्गाबरोबर करावे लागते. मुलांना शाळेचा नकाशा काढायला लावून नकोशा जागा रंगवायला सांगितल्या, तर प्रश्नावलीपेक्षा जास्त कळते. बरेचदा रंगते ते स्वच्छतागृह. तिथे जायला नको म्हणून मुले दिवसभर पाणी पीत नाहीत. त्यातून बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग संभवतो. दाराची कडी दुरुस्त करणे हेही स्वास्थ्याचेच काम आहे.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटासाठी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. शिक्षा म्हणून मधली सुट्टी कापू नये, असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितले. ही शिक्षा सर्वाधिक मिळते ती चुळबुळ्या मुलांना, म्हणजे ज्यांना मोकळ्या मैदानाची सर्वांत जास्त गरज असते त्यांनाच.

मुलाने मारहाण किंवा अत्याचाराविषयी सांगितले, तर शिक्षकाने शांतपणे ऐकून घ्यावे, खोदून वा सुचवणारे प्रश्न विचारू नयेत, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत आणि शाळेतील जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी कळवावे. उपचार करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ते समुपदेशकाचे वा डॉक्टरांचे. ‘तू माझ्यावर विश्वास ठेवलास हे माझ्यासाठी महत्त्वाचं आहे’ असल्या लांबलचक वाक्यांपेक्षा ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढे साधे बोलणे त्या क्षणी पुरते.

पालकांशी पहिला संवाद तक्रारीचा नसावा. मुलाची एखादी जमलेली गोष्ट आधी कळवलेली असेल, तर पुढे अडचण सांगताना दार उघडे असते. शिक्षकांवरील ताणही इथे मोजावा लागतो, कारण दमलेल्या माणसाच्या आवाजाची धार वर्ग लगेच ओळखतो. इयत्ता बदलताना जुन्या वर्गशिक्षकाने मुलागणिक चार ओळींची टीप नव्या शिक्षकाकडे सोपवणे ही बिनखर्चाची पद्धत आहे. गुणपत्रिकेत न मावणारे त्यात लिहावे : हा मोठ्या आवाजाला घाबरतो, हिला उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो, घरी नुकतेच बाळ आले आहे.