33 सामन्यांचा भास

2016 च्या मे महिन्यात शिकागोच्या दक्षिण भागात लोक जरा जास्तच खुशीत होते. त्यांच्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाने हंगामातले पहिले 33 सामने खेळून त्यांतले 23 जिंकले होते. आदल्या वर्षी याच संघाने 162 पैकी 86 सामने गमावले होते, त्यामुळे हा बदल डोळ्यांत भरण्यासारखाच होता. पुढे गाडी थोडी अडखळली, तरी मालकांचा विश्वास कायम होता. एखादा मुरलेला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आणला की काम फत्ते, असा हिशेब करून 4 जूनला त्यांनी सॅन डिएगोच्या संघाकडून जेम्स शील्ड्स घेतला. वय 34. मोबदल्यात दोन खेळाडू दिले. त्यांतला एक होता 17 वर्षांचा पोरगा, ज्याने व्यावसायिक बेसबॉलमध्ये अजून एकही सामना खेळलेला नव्हता. नाव फर्नांडो टाटिस ज्युनिअर.

शील्ड्सने उरलेल्या हंगामात 4 सामने जिंकले, 12 हरले. तो पोरगा मात्र पुढे सॅन डिएगोचा लाडका झाला आणि 2021 मध्ये त्याने 14 वर्षांसाठी 34 कोटी डॉलरचा करार केला.

ही गोष्ट अमेरिकेत ‘मूर्ख व्यवहार’ म्हणून चघळली जाते. मला ते पटत नाही. 17 वर्षांच्या मुलांपैकी बहुतेक जण वरच्या लीगपर्यंत पोचतच नाहीत, आणि हा पोहोचेल हे तेव्हा सांगता आले असते तर सॅन डिएगोनेही आधीच आपले अर्धे दुकान देऊन त्याला उचलला असता. चूक झाली ती आधीच, मे महिन्यात. आपण नेमके कुठे उभे आहोत हे ओळखण्यात.

त्यासाठी एक नाणे घ्या आणि 33 वेळा उडवा. 23 किंवा त्याहून जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता 2 टक्क्यांहूनही थोडी कमी आहे. म्हणजे अगदी मध्यम कुवतीच्या, निम्मे जिंकणाऱ्या संघाला अशी सुरुवात केवळ नशिबाने मिळणे दुर्मीळ. पण मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगमध्ये, संघ 30 आहेत. तीसही जण नाणी घेऊन बसले तर त्यांतल्या कोणा ना कोणाला 23 छापे पडण्याची शक्यता 40 टक्क्यांवर जाते. ज्याला पडले तो मात्र ‘यंदा आपले नाणेच वेगळे आहे’ असे समजतो.

बेसबॉलमध्ये नशिबाचा वाटा इतका मोठा का? खेळाची घडणच तशी आहे. पिचर उभा असतो 18.44 मीटरवर, चेंडू येतो ताशी दीडशे किलोमीटरने, म्हणजे फलंदाजाच्या हातात 0.4 सेकंद. गोल चेंडूला गोल दांडक्याने मारायचे. संपर्क दोन-चार मिलिमीटरने इकडेतिकडे झाला की होम रनचा, म्हणजे बेसबॉलमधल्या षटकाराचा, सोपा झेल होतो. दहापैकी तीन वेळा यशस्वी ठरणारा फलंदाज इथे थोर मानतात. क्रिकेटमध्ये दुबळा संघ बलाढ्य संघाला हरवतो तेव्हा बातमी होते, बेसबॉलमध्ये तो एखादा साधा मंगळवार असतो. 100 सामने जिंकणारा जबरदस्त संघसुद्धा वर्षात 62 वेळा मान खाली घालून घरी जातो.

संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर निम्मे जिंकण्याच्या कुवतीचा संघ 162 सामन्यांत 81 जिंकेल ही अपेक्षा, पण प्रमाण विचलन, म्हणजे निव्वळ नशिबाने होणारी नेहमीची वर-खाली, निघते 6.4 च्या आसपास. म्हणजे तोच संघ, तेच खेळाडू, तीच मेहनत, आणि आकडा एका वर्षी 75, दुसऱ्या वर्षी 87. वर्तमानपत्रे पहिल्या वर्षी प्रशिक्षकाला काढायला सांगतात आणि दुसऱ्या वर्षी त्याचा पुतळा उभारायला. अभ्यासकांचा ढोबळ नियम असा, की सुमारे 70 सामने होईपर्यंत गुणतक्त्यातला निम्मा फरक नशिबाचाच समजावा. 33 सामन्यांनंतर तर दोन तृतीयांश. फ्रान्सिस गॉल्टनने 1886 मध्ये उंच आईबापांच्या मुलांच्या उंचीवरून जे दाखवले तेच हे: टोकाचे निकाल पुढच्या मोजणीत सरासरीकडे सरकतात. व्हाइट सॉक्सही सरकले. उरलेल्या 129 सामन्यांत 55 विजय, 74 पराभव.

आता मूळ प्रश्न. रडतखडत चाललेल्या संघाने तारे विकत घ्यावेत, की सगळे मोडून नव्याने उभारणी करावी?

समजा प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, जायला साधारण 88 विजय लागतात. संघाची खरी कुवत 70 विजयांची असेल तर नशिबाच्या जोरावर 88 गाठण्याची शक्यता हजारात तीन. कुवत 75 ची असेल तर शंभरात दोन-तीन. 80 असेल तर 12 टक्के, 85 असेल तर 35 टक्के, 90 असेल तर 65. एक मोठा तारा संघाला वर्षाला पाच-सहा जादा विजय मिळवून देतो. हे पाच विजय 70 वाल्या संघाने विकत घेतले तर त्याच्या पदरात जेमतेम दोन टक्के पडतात, आणि 85 वाल्याने घेतले तर तीस. वस्तू एकच, किंमतही तीच, पण एका घरात ती देव्हाऱ्यात आणि दुसऱ्या घरात अडगळीत.

ऊस करणाऱ्याला हा पेच समजावून सांगावा लागणार नाही. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, तुटाळ (रिकाम्या जागा) थोडी असेल तर नांग्या भरून, म्हणजे तेवढ्याच जागी रोपे लावून, भागते. निम्मे वावर मोकळे दिसत असेल तर कितीही रोपे लावा, ते नांगरून नवी लागण केलेलीच बरी. फक्त उसाची तुटाळ बांधावर उभे राहून दिसते. बेसबॉल संघाची दिसत नाही, कारण नशीब तिच्यावर सहा-सहा विजयांचा पाचोळा अंथरून ठेवते.

ताऱ्यांच्या बाबतीत आणखी एक मेख आहे, वयाची. बहुतेक खेळाडूंचा बहर 26 ते 29 या वयात असतो. पिचरच्या चेंडूचा वेग तर त्याही आधीपासून घसरू लागतो. पण लीगचा नियम असा, की मोठ्या लीगमधली पहिली सहा वर्षे खेळाडू त्याच संघाशी बांधलेला. त्यातली पहिली तीन वर्षे तो जवळपास किमान पगारावर खेळतो. 2024 मध्ये ही किमान रक्कम 7 लाख 40 हजार डॉलर होती. आपल्याला मोठी वाटली तरी ताऱ्यांच्या अडीच-तीन कोटींपुढे चिल्लर. सहा वर्षे संपून तो खुल्या बाजारात येतो तेव्हा तिशी गाठत आलेली असते. म्हणजे बाजारात मिळतो तो बहर ओसरू लागलेला माल, आणि किंमत लागते बहराची. वर लिलावाचा शाप. 1971 मध्ये तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या बोलींचा अभ्यास करून दाखवले, की मालाच्या किमतीचा अंदाज सर्वांचाच चुकतो, पण लिलाव जिंकतो तो वरच्या बाजूला सर्वांत जास्त चुकलेला. खेळाडूंच्या बाजारातही तीच तऱ्हा.

इथवर वाचून वाटेल की उत्तर सोपे आहे: सगळे विकून पोरे गोळा करा. शिकागोतही तसेच वाटले. 2 नोव्हेंबर 2016 रोजी त्याच शहराच्या उत्तर भागातल्या कब्स संघाने 108 वर्षांचा दुष्काळ संपवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिका, जिंकली. चार वर्षांपूर्वी हाच संघ मुद्दाम पोरासोरांना घेऊन 101 सामने हरला होता. शेजारच्या घरी वाजंत्री वाजत असताना व्हाइट सॉक्सच्या अंगणात सामसूम. पाचच आठवड्यांनी त्यांनी आपला सर्वांत मोठा पिचर ख्रिस सेल बॉस्टनला देऊन टाकला. बदल्यात योआन मोंकाडा आणि मायकल कोपेक हे देशभर गाजणारे तरुण आणि आणखी दोघे आले. दुसऱ्या दिवशी आणखी एक व्यवहार, पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक. जाणकारांनी टाळ्या वाजवल्या. पुस्तकात छापावी अशी पुनर्बांधणी!

ह्यूस्टनचे उदाहरणही डोळ्यांपुढे होतेच. तिथले ॲस्ट्रोज 2011 ते 2013 या तीन वर्षांत अनुक्रमे 106, 107 आणि 111 सामने हरले. 2013 च्या सप्टेंबरमधल्या त्यांच्या एका सामन्याचे टीव्ही रेटिंग 0.0 निघाले होते. पण दरवर्षी शेवटचा नंबर आल्यामुळे नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, पहिला हक्क त्यांचा, आणि 2017 मध्ये हा संघ विजेता. त्या विजेतेपदाला पुढे प्रतिस्पर्धी पिचरला कुठला चेंडू टाकायचा हे सांगणाऱ्या खुणा कॅमेऱ्यातून चोरल्याचा डाग लागला, तो भाग वेगळा.

पण यशाच्या कथांमध्ये ह्यूस्टनची चुकलेली पाने कुणी वाचत नाही. 2013 ला पहिल्या हक्काने त्यांनी मार्क ॲपेल निवडला. त्याला मोठ्या लीगमध्ये पहिला चेंडू टाकायला 2022 उजाडले, तोही दुसऱ्याच संघाकडून. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर कब्सनी क्रिस ब्रायंट उचलला आणि तीन वर्षांत विजेतेपद मिळवले. उलट माइक ट्राउटसारखा पिढीत एखादाच निपजणारा खेळाडू 2009 मध्ये पंचविसाव्या क्रमांकापर्यंत कुणाला दिसला नव्हता, आणि आल्बर्ट पुहोल्स 1999 मध्ये तेराव्या फेरीपर्यंत. अठरा वर्षांच्या मुलाचा खांदा, डोळा आणि चिकाटी दहा वर्षांनी कशी असेल हे सांगणारे यंत्र अजून निघालेले नाही.

शिवाय सगळेच शहाणे झाले की शहाणपणाचा भाव पडतो. पहिला हक्क वर्षाला एकच, हरायला तयार मात्र अनेक. 2018 मध्ये व्हाइट सॉक्स बरोबर 100 सामने हरले, पण कॅन्सस सिटी 104 आणि बाल्टिमोर 115 हरून बसले होते. हरण्याच्या शर्यतीतही तिसरा नंबर! बाल्टिमोरने ॲडली रचमन घेतला, कॅन्सस सिटीने बॉबी विट ज्युनिअर, दोघेही तारे झाले. तिसऱ्या क्रमांकावर व्हाइट सॉक्सना मिळालेला अँड्र्यू वॉन त्या तोडीचा निघाला नाही. कोपेकच्या कोपराचा अस्थिबंध 2018 मध्येच फाटला आणि शस्त्रक्रियेपायी पुढचा अख्खा हंगाम गेला. ताशी दीडशेच्या वर चेंडू फेकणाऱ्या हाताला हा धोका कायमचाच. जितका वेग जास्त, तितका त्या बोटभर अस्थिबंधावर ताण.

तरीही 2021 मध्ये या संघाने 93 सामने जिंकले. पुनर्बांधणी फसली असे तेव्हा कुणी म्हटले असते तर लोक हसले असते. प्लेऑफच्या पहिल्याच मालिकेत ह्यूस्टनने त्यांना 3-1 असे घरी पाठवले. पुढच्या वर्षी 81 विजय, त्यापुढे 61.

मग बाजारातून तारे घेणे बरे? टेक्सास रेंजर्सनी तसेच केले, आणि तेही माझ्या वरच्या गणिताला वाकुल्या दाखवत. 2021 मध्ये 102 सामने हरल्यावर त्याच हिवाळ्यात त्यांनी कोरी सीगर आणि मार्कस सेमियन या दोघांवर मिळून 50 कोटी डॉलर ओतले. पुढच्या वर्षी पुन्हा 94 पराभव, आणि 2023 मध्ये थेट विजेतेपद. फरक कुठे पडला? एक तर सीगर करार करताना 27 वर्षांचा होता, बहर समोर होता. दुसरे म्हणजे त्यांनी पैसा दिला, पोरे दिली नाहीत. पैसा पुन्हा येतो. टाटिस दिला की दिला. ‘तारे घेणे’ या एकाच नावाखाली दोन वेगळे व्यवहार लपतात, आणि चर्चेत ते सर्रास एकत्र कालवले जातात.

त्याच 2023 मध्ये बाल्टिमोरची पोरे 101 सामने जिंकून प्लेऑफमध्ये आली होती. तीन सामन्यांत तीन पराभव, तेही रेंजर्सकडूनच. आणि अंतिम फेरीत रेंजर्ससमोर होता 84 विजयांचा ॲरिझोना. 33 सामन्यांत नाणे काय करते ते आपण पाहिलेच आहे, मालिका तर पाच किंवा सातच सामन्यांची, म्हणून एका करंडकावरून कुठल्याही पद्धतीला शहाणी किंवा वेडी ठरवायला माझा हात धजावत नाही. 2022 पासून प्लेऑफचे संघ दहावरून बारा झाले. त्यामुळे मधल्या संघांनाही आशा वाटू लागली आणि पूर्वी ज्यांनी दुकान मोडले असते ते आता नांग्या भरू पाहतात.

लीगनेही हरण्याचे बक्षीस कमी केले. 2023 च्या ड्राफ्टपासून पहिले सहा क्रमांक सोडतीने ठरतात आणि सर्वांत वाईट तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी 16.5 टक्केच संधी मिळते. 2024 ची सोडत क्लीव्हलँडला लागली, त्यांची संधी होती 2 टक्के.

27 सप्टेंबर 2024 रोजी डेट्रॉइटमध्ये व्हाइट सॉक्स हंगामातला 121 वा सामना हरले. आधुनिक बेसबॉलमध्ये इतके कुणीच हरले नव्हते. त्याच हंगामात ख्रिस सेल अटलांटाकडून खेळत होता, वयाच्या 35 व्या वर्षी, आणि नॅशनल लीगमधला, म्हणजे मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकातला, सर्वोत्तम पिचर म्हणून साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. डिसेंबरात पुन्हा सोडत झाली. मोठ्या बाजारपेठेतल्या संघाला लागोपाठ दोन वर्षे सोडतीतला क्रमांक देता येत नाही, या नियमाने व्हाइट सॉक्स त्यातून बाद होते. 121 पराभवांच्या बदल्यात त्यांना दहावा क्रमांक मिळाला.