स्टॅगहॉर्न आणि एल्कहॉर्न फर्न

पॉलिपोडिएसी कुळातल्या प्लॅटिसेरियम या प्रजातीतले नेचे. मातीत न वाढता खोडावर, फांदीवर नाहीतर खडकावर वाढतात, म्हणजे अपिवनस्पती. बांडगुळासारखं झाडातून काही ओढून घेत नाहीत, नुसता आधार घेतात. जाती साधारण १८ धरतात आणि त्या आफ्रिका, मादागास्कर, आग्नेय आशिया, न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया अशा पसरलेल्या आहेत. दक्षिण अमेरिकेत मात्र एकच, पेरू-बोलिव्हियाकडची अँडिनम. भारतात वॉलिचाय ही जाती मणिपूरकडे सापडते, तिचे बीजाणू हिरवे असतात, जे या प्रजातीत वेगळंच आहे.

नावाचा घोळ मोठा आहे. प्लॅटिसेरियम म्हणजे ग्रीकमध्ये रुंद शिंग, हे नाव देवो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये दिलं, इथपर्यंत वाद नाही. पुढे अल्सिकॉर्न, म्हणजे एल्कच्या शिंगाचं, हे जातीचं नाव मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेकडच्या झाडाचं, पण जुन्या पुस्तकांत आणि नर्सरीच्या लेबलांवर ते ऑस्ट्रेलियातल्या बायफर्केटम या जातीलाच (तिथलं एल्कहॉर्न) सर्रास लावलेलं दिसतं, त्यामुळे जुन्या मजकुरात अल्सिकॉर्न वाचलं की नेमकं कुठलं झाड ते वर्णनावरूनच ठरवावं लागतं. त्यात युरोपात एल्क म्हणजे मूस आणि अमेरिकेत एल्क म्हणजे वापिटी हे वेगळंच हरीण, तेव्हा शिंगाच्या आकारावरून भांडण्यात फारसा अर्थ नाही. दुसरा घोळ ग्रँड या जातीच्या नावाचा. ऑस्ट्रेलियातलं मोठं स्टॅगहॉर्न बराच काळ ग्रँड या नावाखाली गेलं, पण खरं ग्रँड फिलिपिन्सचं. १९७० मध्ये दि योंखीर आणि हेनिपमन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियाच्या झाडाला सुपरबम हे वेगळं नाव दिलं. ओळखायची खूण सोपी: सुपरबमच्या लोंबत्या पानाखाली बीजाणूंचा एकच मोठा ठिपका, ग्रँडच्या पानाखाली दोन. पुढे १९८२ च्या अभ्यासात हेनिपमन आणि रोस यांनी व्हाइटचाय आणि विलिंकाय या झाडांना बायफर्केटमच्या उपजाती मानलं, पण नंतरचे बरेच लेखक त्यांना परत स्वतंत्र जाती धरतात, आणि झाडं पाळणाऱ्याला हे जास्त सोयीचं पडतं.

बोलीत स्टॅगहॉर्न हा शब्द अनेक ठिकाणी पूर्ण प्रजातीलाच लावतात. ऑस्ट्रेलियात मात्र सुपरबम म्हणजे स्टॅगहॉर्न आणि बायफर्केटम म्हणजे एल्कहॉर्न असा सरळ भेद आहे. बागेसाठी हाच भेद धरणं बरं, कारण दोन्हींची वागणूकच वेगळी. एल्कहॉर्न बाजूने पिल्लं काढत राहतं, काही वर्षांत त्याचा गोळा होतो आणि पिल्लू मुळांसकट कापून वेगळं लावता येतं. स्टॅगहॉर्न जन्मभर एकटंच, पिल्लू देत नाही, वाढवायचं तर बीजाणूंपासून, आणि मध्यातला कोंब कुजला की झाड संपलंच.

पानं दोन प्रकारची. बुडाशी ढालीसारखी शील्ड पानं, जी खोडाला चिकटून मुळं झाकतात, आणि त्यातून बाहेर येणारी शिंगांसारखी फाटे फुटलेली पानं, ज्यांच्या खालच्या बाजूला बीजाणू धरतात. एल्कहॉर्नची शील्ड पानं लवकर तपकिरी, कागदासारखी होतात. ती मेलेली वाटतात म्हणून लोक सोलून काढतात, ते करू नये. स्टॅगहॉर्नची शील्ड पानं वर उघडी, टोपलीसारखी असतात आणि वरून पडणारा पालापाचोळा त्यात साठून कुजतो, तेच त्याचं खत. शिंगांच्या टोकाखाली तपकिरी मखमल दिसली की रोग समजून औषध मारणारेही असतात, ते बीजाणूच असतात. पानांवरची पांढरट लव पण पुसायची नाही, ती पाणी उडू देत नाही.

२०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड होव बेटावरच्या एल्कहॉर्नच्या वसाहतींवर एक अभ्यास आला, त्यात मधमाश्यांसारखी कामाची वाटणी असल्याची मांडणी होती: काही झाडं बीजाणू धरतच नाहीत, फक्त पाणी आणि आधार पुरवतात. पण एका वसाहतीतली झाडं बरेचदा एकमेकांची क्लोनच, म्हणजे जनुकांनी अगदी सारखी, तेव्हा हा समाज की फुटवे काढणारं एकच झाड, हे अजून मोकळं ठेवलेलं बरं.

ट्रॉपिकल पद्धतीच्या बागेत हे मोठ्या झाडाच्या विरळ सावलीत, डोळ्याच्या उंचीवर लावतात, खाली ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातली झाडं) वगैरे. लाकडी फळीवर थोडं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ), त्यावर झाड, आणि नायलॉनच्या दोरीने घट्ट बांधायचं. कोंबावरून दोरी न्यायची नाही, आणि तांब्याची तार किंवा तांबंयुक्त औषध लावलेलं लाकूड टाळावं, नेच्यांना तांबं सोसत नाही. जिवंत झाडावर बांधलं तर दोरी अधूनमधून सैल करावी. वजनाचा अंदाज आधीच घ्यावा, जुनं स्टॅगहॉर्न पाणी प्यायलं की फार जड होतं, खिळा उपटून येतो, साखळी लागते.

पाणी जास्त झालं की मरतं, कमी झालं तर सावरतं. शील्ड पानांमागचा भाग दाबून कोरडा लागला तरच भिजवायचं, स्टॅगहॉर्नला तर मधे नीट वाळू द्यायचं. केळीची सालं मागे खोचायची पद्धत बरीच पसरलेली आहे, पण सालीत मुख्यतः पोटॅशियम, नायट्रोजन कमी, त्यामुळे अधूनमधून पातळ केलेलं द्रवखत जास्त खात्रीचं. एल्कहॉर्न हलकी थंडी काढतं. कोरोनेरियम, रिडलेयाय या आग्नेय आशियातल्या जातींना ऊब आणि दमट हवा लागतेच. किडीत खवले कीड आणि पिठ्या ढेकूण, तेलकट फवारे पानांना बाधतात.

बीजाणूंपासून रोपं करणं चिकाटीचं काम: ओल्या निर्जंतुक मिश्रणावर टाकायचे, आधी हिरवा चपटा पूर्वकायक येतो आणि त्यावर पाण्याचा पातळ थर असेल तरच फलन होतं, मग पानं. शिंगांचा आकार दिसायला काही वर्षं जातात.